वजन झालेल्याने उतरू नये

चामडं शिवायच्या मशीनला क्लच असतो. पाय एकदम सोडला तर सुई मोडते.

*

कारखान्याच्या मागच्या आवारात मालाचा वजनकाटा होता. सकाळी त्यावर बायका उभ्या राहायच्या, जेवणाच्या डब्यांसकट.

*

थोरल्या साहेबांच्या घरी पियानो होता. वर फुलदाणी ठेवलेली असायची.

*

"पोतं बोलत नाही," दादा म्हणायचा. "म्हणून तर मला पोती आवडतात."

*

एक माणूस तरुणपणापासून कमरेला पट्टा बांधतो. का, ते त्याने बायकोलाही धड सांगितलेलं नाही.

*

फिल्म अगदी छोटी आहे. गाडी डोंगर चढते. पुढच्या काचेवर ऊन पडलंय, आत कोण आहे ते दिसत नाही. मध्येच गाडीला एक हिसका बसतो. मग ती वर येते. संपलं.

*

हे सगळं एकाच सकाळी येऊन मिळतं. मला ते लहानपणापासून पाठ आहे, कारण मावशी ते येईल-जाईल त्याला सांगायची. दूधवाल्याला, माझ्या शाळेतल्या बाईंना, दात काढायला गेली तेव्हा तोंडात कापूस असताना डॉक्टरला. घरात त्याला "मावशीचा डोंगर" म्हणत. ती सुरू झाली की आई म्हणायची, "चढली गं बाई, चढली." आणि ताटं उचलायला लागायची.

मावशीने कधीच काही लपवलं नाही. तिचं फक्त कुणी मनावर घेतलं नाही. या दोन गोष्टींत फरक आहे आणि ही गोष्ट त्या फरकाची आहे.

पाटी

*एका निवांत संध्याकाळी पियानोचे सूर ऐकताना आमच्या संस्थापकांच्या मनात एक कल्पना स्फुरली: डोंगराची ताकद आणि दिवाणखान्याचा आराम एकाच वाहनात.*

ही पाटी मी लिहिली. मी कंपनीच्या दालनात काम करते. आमच्या गाडीचा इतिहास तिथे मांडून ठेवलाय. गाडी तुम्ही पाहिली असेल: उंच, चारही चाकांनी ओढणारी, चिखलात न रुतणारी, आणि आत बसलं की एखाद्या भारी हॉटेलात शिरल्यासारखं वाटायला लावणारी. आता ती चिखलात जात नाही. आता ती मॉलच्या दारात दोन गाड्यांची जागा अडवून उभी असते. पण ती जाऊ शकते, यासाठी लोक तिला घेतात.

पाट्या मी लिहिते म्हणजे टाय सांगतो आणि मी लिहिते. टाय आमचा विभागप्रमुख. कँटीनमध्ये सूप पिताना तो टाय खांद्यावरून पाठीमागे टाकतो आणि तो तिथेच विसरून दिवसभर हिंडतो, म्हणून ते नाव पडलं. माणूस वाईट नाही. त्याला इतिहास आवडतो, फक्त इस्त्री केलेला.

ही पाटी मी मावशीला वाचून दाखवली होती. ती मटार सोलत होती.

"कोण वाजवत होतं?" तिने विचारलं.

"काय?"

"पियानो. त्या घरात तो कुणालाच येत नव्हता. मी गेले होते ना त्यांच्या खुर्च्यांना चामडं चढवायला. फुलदाणी होती वर. धूळ होती. सूर कुठून आले?"

"मावशी, ते तसं लिहायचं असतं."

"लिहा. तुमचं दालन, तुमची धूळ."

पाटी

*प्रथमपासूनच प्रवाशांच्या आरामाचा विचार हा आमच्या वाहनाचा आत्मा राहिला आहे.*

पहिल्या गाडीत आराम नावालाही नव्हता. खाली रबर अंथरलेलं, पाण्याच्या नळीने धुता यावं म्हणून. सीट म्हणजे कडक प्लॅस्टिकवर ताणलेलं रेक्झिन. गाडी बनवली होती खाणवाल्यांसाठी, जंगलखात्यासाठी, गुरांच्या डॉक्टरांसाठी. म्हणजे ज्यांच्या बुडाची कुणी फिकीर करत नाही अशांसाठी.

डोंगरावर चाचणी घेताना गाडीत पूर्ण भार लागतो. आधी वाळूची पोती भरत. पोती फुटायची, वाळू गिअरच्या फटीत जायची. शिवाय पोत्याला विचारता येत नाही, बाबा रे, कुठे टोचतंय? मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, शिवणखात्यातल्या बायका बसवा. त्या सीटा शिवतात, त्यांना टोचणं कळेल. तिघी निवडल्या. निवडल्या म्हणजे काट्यावर उभ्या केल्या, आणि ज्या तिघींची बेरीज जमली त्या घेतल्या. चाचणीखात्याने त्यांची नावं विचारली नाहीत. पहिलं पोतं, दुसरं पोतं, तिसरं पोतं. मावशी तिसरं.

तेव्हा ती विशीची होती. रागीट होती. आता ती सत्तरीच्या पुढे आहे. पहिली गोष्ट बदलली, दुसरी नाही.

काट्याच्या खोलीत भिंतीवर तेलरंगात लिहिलेलं होतं:

वजन झालेल्याने वर पोचेपर्यंत उतरू नये.

हा नियम एका लघवीमुळे आला होता. पहिलं पोतं अर्ध्या चढावर उतरलं, झुडपामागे गेलं, आणि अख्ख्या दिवसाची चाचणी रद्द झाली. त्यानंतर गाडीच्या दारावर खडूने बेरीज लिहायची पद्धत पडली. खडूचा आकडा आणि आतला भार यात फरक पडला तर सगळं पहिल्यापासून. सकाळी काट्यावर चढलात की तुम्ही माणूस नाही, आकड्यातला एक तुकडा. पण तो तुकडा कुणालाही काढून टाकता येत नाही. हे नियम करणाऱ्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

सीट

रोज डोंगर, रोज खडी. संध्याकाळी तिघी शिवणखात्यात उभ्याने काम करायच्या, कारण बसवत नव्हतं.

"कुठे टोचतं?" एका इंजिनिअरने कागद-पेन्सिल घेऊन विचारलं.

"तुम्ही बसा की एकदा," दुसरं पोतं म्हणालं. "मग आम्ही लिहून घेतो."

त्याने ते कागदावर लिहिलं नाही.

शेवटी तिघींनी कुणालाही न विचारता गादी शिवली. थोरल्या साहेबांच्या ऑफिसातल्या खुर्च्यांचं चामडं उरलं होतं, मऊ, मधाच्या रंगाचं. त्याचे तुकडे जोडून वरचं कव्हर केलं, आत पिवळा फोम ठासला, आणि मागच्या सीटवर ती गादी टाचून टाकली. मग लक्षात आलं की गादीचंही वजन आहे. बेरीज बिघडणार. दुसऱ्या कुणी गुपचूप खडू फिरवला असता. या तिघींनी काय केलं? जेवणाचे डबे खाली काढून ठेवले. दिवसभर उपाशी राहिल्या, पण आकडा जागचा हलू दिला नाही. मावशी हे सांगताना अजूनही अशी ताठ होते की जणू पदक लावलंय.

"पुढच्या सीटलाही एक करू का?" त्यांनी दादाला विचारलं.

दादा म्हणजे चाचणीखात्याचा चालक. गाडी उभ्या भिंतीवर चढवेल अशी ख्याती. देखणा होता आणि ते त्याला ठाऊक होतं.

"मी काय हनिमूनला निघालोय?" तो म्हणाला. "मऊ सीटवर माणूस झोपतो."

पाटी

*या ऐतिहासिक चढाईच्या वेळी सुकाणूवर होते आमचे सुप्रसिद्ध चाचणी-चालक. या कठोर प्रवासाची खूण म्हणून ते आजही कमरेला पट्टा बांधतात.*

मोठ्या चढाची सकाळ. डोंगराच्या माथ्यावर थोरले साहेब, चार खाणमालक आणि एक कॅमेरावाला. खाली काट्यावर सगळ्यांची वजनं झाली, दारावर खडू उमटला, गाडी निघाली.

अर्ध्या चढावर खडीचा टप्पा आहे. तिथे गाडी थांबली. दादाने हँडब्रेक ओढला आणि "आई गं" म्हणाला. गाडीचं नाक आभाळाकडे.

"काय झालं?" पहिलं पोतं.

"काही नाही."

"काही नाही तर थांबलात कशाला?"

"हलता येत नाही."

"गाडीला?"

"मला!"

उसण भरली होती. कडक प्लॅस्टिकवर महिनोन्‌महिने आपटून आपटून कंबर अखेर त्या क्षणी रुसली. पाय उचलेना, मान वळेना. देखणा माणूस खुर्चीसारखा घडी होऊन बसला होता.

"खाली जाऊन कुणाला तरी आणते," दुसरं पोतं म्हणालं.

"उतरायचं नाही!" दादा ओरडला. ओरडल्याने आणखी दुखलं. "नियम आहे."

"मग काय इथेच राहायचं?"

वर माथ्यावर कॅमेरावाल्याने रीळ वाचवायला कॅमेरा बंद केला.

तेव्हा तिसरं पोतं बोललं. "नियमात कुणी कुठे बसायचं ते कुठे लिहिलंय?"

दादाला दोन सीटांच्या मधून मागे ओढला. गादी अंथरलेल्या सीटवर, पहिल्या आणि दुसऱ्या पोत्याच्या मांड्यांवर तो आडवा झाला. मावशी त्याच वाटेने पुढे सरकली. कुणाचाही पाय जमिनीला लागला नाही. आत जेवढं वजन होतं तेवढंच होतं, फक्त जागा बदलल्या होत्या.

तिने गाडी कधी चालवली नव्हती. पण मागच्या सीटवर मधोमध बसून दादाचे पाय रोज पाहिले होते, दुसरं पाहायला होतं काय? आणि चामड्याच्या मशीनचा क्लच तिच्या तळव्यात होता.

"डावा दाब," मागून आवाज. "पूर्ण. आता उजवा हलका. नको, नको, इतका नाही! आता ब्रेक काढ आणि डावा सोड. हळू. अगं हळू, बये, सुई असल्यासारखी..."

"सुईचं मला सांगू नका," मावशी म्हणाली आणि सोडला.

हिसका बसला. वर कॅमेरा नुकताच पुन्हा सुरू झाला होता. मग गाडी चढली. खडी उडवत, गुरगुरत, थेट माथ्यावर, खाणमालकांच्या बुटांपर्यंत. तिथे ती बंदही पडली, कारण थांबवायचं कसं हे कुणी सांगितलं नव्हतं.

थोरल्या साहेबांनी दार उघडलं. चालकाच्या जागी शिवणखात्यातली पोरगी, मागे दोघींच्या मांडीवर त्यांचा हिरा. मग त्यांचं लक्ष गादीवर गेलं.

"हे चामडं ओळखीचं वाटतंय."

"तुमच्याच खुर्च्यांचं आहे," मावशी म्हणाली.

दादाला खाली काढलं आणि थोरले साहेब स्वतः मागे जाऊन बसले. थोडं वर-खाली झाले. पुन्हा झाले. चेहऱ्यावर जे पसरलं ते पियानोमुळे नव्हतं, एवढं मावशी छातीठोकपणे सांगते.

"साहेब, पुढच्या सीटलाही तसली करा," दादा गवतावर पडल्या पडल्या म्हणाला.

"आणि गाडी कुणी आणली म्हणायचं?" मावशीने विचारलं.

थोरले साहेब हसले. "चाचणी गाडीची होती, बाई. माणसाची नव्हती."

हे वाक्य मला लहानपणी फार शहाणपणाचं वाटायचं. आता त्यात मला एक दार दिसतं, सावकाश लावून घेतलेलं.

कारण पुढे माणूस लागलाच. जाहिरातीला लागला, पोस्टरला लागला. काचेवर ऊन होतं, त्या उन्हात ज्याला बसवायचं होतं त्याला बसवलं. दादा खोटं कधी बोलला नाही. त्याला कुणी विचारलंच नाही आणि त्याने सांगितलंही नाही. डोंगर जिंकणारा माणूस दोन शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या मांडीवर विव्हळत वर गेला, हे तो कोणत्या तोंडाने सांगणार? त्याच महिन्यात त्याने पट्टा बांधला. मावशी त्याला तेव्हापासून "कंबरपट्टा" म्हणते.

पाटी

*त्यानंतर: अस्सल चामडं. गालिचा. लाकडी पट्ट्या. थंडीत उबदार होणारी सीट. पेयांसाठी गारवा-पेटी. पाठीला मालिश करणारी सीट.*

"आता सीट पाठ दाबते?" मावशी म्हणाली.

"हो. बटण आहे."

"आमची पाठ कुणी दाबली? एकमेकींची आम्हीच दाबली. तेही त्या इंजिनिअरने बघितलं आणि साहेबांकडे जाऊन सांगितलं असेल, साहेब, कल्पना सुचली."

मागे

यंदा कंपनीने पहिल्या चढाईचा सुवर्णमहोत्सव ठरवला. पहिली गाडी दुरुस्त करून तोच डोंगर पुन्हा चढायचा. चालवायला एक रॅलीवाला बोलावला, शर्यती जिंकलेला. शेजारी दादा बसणार. टाय माझ्या टेबलाशी आला, टाय पाठीवर लोंबत होता.

"तुझ्या मावशी त्या तिघींपैकी म्हणे! आणि आहेत अजून! किती गोड! त्यांना मागे बसवू. अगदी तेव्हासारखं."

मी घरी सांगितलं. आई खूश झाली. "जा की. फुकटात फिरून येशील. फोटो काढतील, टोपी देतील."

"मागे?" मावशीने विचारलं.

"मागेच बसली होतीस ना?"

"अर्ध्या चढापर्यंत."

"झालं! चढली."

"ताटं उचलू नकोस," मावशी म्हणाली. आवाज असा होता की आईने उचललेलं ताट खाली ठेवलं. "पोतं म्हणून मी एकदा बसले. तेव्हा मला कळत नव्हतं. आता कळतं, आणि आता मी चालवणार. नाहीतर त्यांनी माझ्या जागी वाळू भरावी."

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर दालनात आली. फिल्म सुरू होती, दिवसभर सुरूच असते. टायने तिला खुर्ची दिली, ती उभी राहिली.

"तो बघा," ती म्हणाली. "तो हिसका. तो माझा आहे. दादाने जन्मात हिसका दिला नाही."

"ती फिल्म जोडतानाची उडी आहे, मावशी."

"फिल्म उडाली तर डोंगर उडेल. इथे डोंगर जागेवर आहे, गाडी उडाली."

टायने पुन्हा पाहिलं. मी त्याच्याकडे पाहत होते. त्याला दिसलं. पण तो पाणी प्यायला आणि म्हणाला, "गाडी अनमोल आहे. विमा आहे. तुमचं वय... परवाना तरी आहे का?"

मावशीने पर्समधून परवाना काढून टेबलावर आपटला. शिवणखातं सोडल्यावर तिने निवृत्त होईपर्यंत पावाची व्हॅन चालवली होती. टायने त्यावरचा फोटो पाहिला, बाकी काही वाचलं नाही.

"इतिहास असा तोंडी नसतो हो, मावशी."

"मग कसा असतो? पियानोवर?"

टायने सगळ्यांसमोर दादाला फोन लावला, स्पीकरवर. दादाने ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "जुनं झालं आता. राहू द्या." आणि ठेवून दिला.

बाहेर बसस्टॉपवर शेजारच्या बाईने वेळ विचारली, तरी मावशीने तिला डोंगर सांगितला नाही. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. बस आली, गेली, आम्ही चढलोच नाही.

"वजन करणार आहेत का?" तिने अचानक विचारलं.

"कशाचं?"

"माणसांचं. काट्यावर. खडू, नियम, सगळं?"

"हो. टायने काटा घासून घेतलाय. लोकांसमोर वजन करणार. अगदी तेव्हासारखं."

"मग सांग त्याला, येते म्हणावं."

काटा

मागच्या आवारात मांडव नव्हता, नुसत्या खुर्च्या आणि झेंडे. गाडीमालकांच्या क्लबचे लोक सारख्या टोप्या घालून आले होते. भिंतीवरचा नियम पुन्हा रंगवला होता आणि खाली माझ्या अक्षरात त्याची पाटी. पहिलं आणि दुसरं पोतं आता या जगात नाहीत. त्यांच्या जागी टायने खरीच पोती आणली होती, वाळूची, वर कंपनीचं चिन्ह छापलेली. मावशी त्यांच्यापाशी क्षणभर थांबली. एकावर तिने हात ठेवला.

रॅलीवाल्याचं वजन झालं, टाळ्या. काठी टेकत दादा चढला, जास्त टाळ्या. पोत्यांचं झालं. मावशी चढली, काटेवाल्याने आकडा पुकारला, टायने स्वतःच्या हाताने दारावर खडूने बेरीज लिहिली. मावशी काट्यावरून उतरली, गाडीकडे चालत गेली, पुढचं दार उघडलं आणि चालकाच्या सीटवर जाऊन बसली. दार ओढून घेतलं.

आधी हशा पिकला. म्हाताऱ्या बाईची गंमत.

"मावशी, चुकून पुढे बसलात," टाय खिडकीशी वाकून म्हणाला.

"चुकून नाही."

"उतरा ना जरा."

"माझं वजन झालंय. वजन झालेल्याने वर पोचेपर्यंत उतरू नये. तुमचीच पाटी आहे. अक्षर छान आहे, माझ्या भाचीचं."

"अहो, तो नियम... ते आपण नुसतं दाखवण्यासाठी..."

"अगदी तेव्हासारखं म्हणालात. तेव्हा असंच होतं. उचलून काढायचं असेल तर काढा, एवढे फोन रोखलेत, छान येईल."

फोन खरोखरच रोखलेले होते. टाय माझ्याकडे वळला. चेहरा लाल. "सांग तिला. आत्ताच्या आत्ता सांग. नाहीतर तुझं दालन उद्यापासून दुसरं कुणी बघेल."

मला ते दालन आवडतं. मी गाडीपाशी गेले. मावशीने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती समोर डोंगराकडे बघत होती, स्टिअरिंगवरचे हात घट्ट, आणि गळ्याची शीर उडत होती. तेव्हा मला कळलं की ती घाबरलेली आहे. सगळा जन्म ती हे ठणकावून सांगत आली होती, आणि आज इथून उतरावं लागलं तर ते पुन्हा कधीच सांगता येणार नव्हतं.

मी वळले, काट्यापाशी गेले आणि वर उभी राहिले.

"तुझं कशाला?" काटेवाला म्हणाला.

"रॅलीवाल्यांच्या जागी. फरक पडेल तो वाळूने भरून काढा."

रॅलीवाला हसला. त्याने गाडीत अजून पाय ठेवला नव्हता, म्हणून नियम मोडत नव्हता. पण किल्ली त्याच्याकडे होती आणि तो टायकडे बघत होता.

"दादा," टाय जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हणाला, "तुम्ही समजवा. तुमचं ऐकतील."

दादा उठला. काठी टेकत, सावकाश. तो मावशीच्या खिडकीशी गेला.

"तिसरी," तो म्हणाला.

"बोला, कंबरपट्टा."

"ऐकायचीच नाहीस?"

"नाही."

त्याने मान हलवली. मग तो तिच्या दारावरून पुढे गेला, मागचं दार उघडलं, शर्ट वर केला आणि सगळ्यांदेखत कमरेचा पट्टा सोडला. तो टायच्या हातात देऊन म्हणाला, "हा ठेव तुझ्या दालनात." आणि वाकून, कण्हत, मधाच्या रंगाच्या गादीवर आडवा झाला. पाय बाहेर लोंबत होते.

"मी इथे होतो," तो आतून म्हणाला. आवाज म्हातारा होता, पण आवारभर गेला. "असा. आडवा. दोघींच्या मांडीवर. गाडी हिने नेली. लिहून घ्या, नाहीतर नका घेऊ, पण आता निघा, पाठ मोडतेय माझी."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टाय हातातल्या पट्ट्याकडे बघत राहिला.

"ओ दादा!" काटेवाला ओरडला. "पट्ट्याचं वजन! वजन पट्ट्यासकट झालंय!"

मी टायच्या हातातून पट्टा घेतला. त्याने सोडला. एक पोतं उतरवून मी मागे शिरले, दुसऱ्यात काटेवाल्याने वाळू कमी-जास्त करून आकडा जुळवला आणि ते पुढे ठेवलं. दादाचं डोकं माझ्या मांडीवर आलं. "पाय जरा सरकव, पोरी," तो म्हणाला.

रॅलीवाल्याने खिडकीतून किल्ली पुढे केली. "आजी, क्लच जड आहे."

"मला सांगता?"

चढ

खडीच्या टप्प्यावर तिने गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही."

वर माथ्यावर कॅमेरे होते. पुष्कळ. ऊन आमच्या मागून येत होतं, काच स्वच्छ होती. तिने मान वर करून सगळ्यांना नीट बघू दिलं. पावाची व्हॅन तिने सगळ्या गावाच्या चढांवरून नेली होती, मागच्या ट्रेमधला एक पाव कधी पालथा पडला नव्हता. तिने ब्रेक काढला आणि क्लच एकदम सोडला.

हिसका बसला. दादा माझ्या मांडीवर "आई गं" म्हणाला. मग हसायला लागला, आणि हसल्याने आणखी दुखलं.

"मुद्दाम केलंस!"

"अगदी तेव्हासारखं," मावशी म्हणाली, आणि गाडी चढली.

पाटी

टायने मला लिहायला सांगितलं: *चालकाबाबत मतभेद आहेत.*

मी लिहिलं: *चढाचा वरचा अर्धा भाग तिसऱ्या पोत्याने चालवला. खालचा अर्धा दादाने. गादी तिघींनी शिवली.* त्याने ती काढली, मी पुन्हा लावली. त्याने पुन्हा काढली. सध्या ती लागलेली आहे, मीही आहे.

*

पहिल्यांदा त्या चढावरून गाडी नेल्यानंतर नऊ वर्षांनी मावशीला गाडी चालवण्याचा परवाना मिळाला; टायने न वाचलेली तारीख तीच.